किती वेळ वाट बघायची?

बुधवार, २४ फेब्रुवारी २०२१. सकाळचे ९

राष्ट्रीय शेअर बाजाराचं प्री-ओपन सत्र सुरू होतं. उद्या गुरुवार, फेब्रुवारी महिन्याच्या वायद्यांची एक्स्पायरी. फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये लोक गळ्यापर्यंत अडकलेले आहेत. काहींना आजच्या आज बाहेर पडायचं आहे, काहींना पोझिशन पुढच्या महिन्यात न्यायची आहे.

करोनाने घरी बसवलेला काळ आहे. सर्वसामान्य प्रवाशांना लोकलची दारं १ फेब्रुवारीला उघडली खरी, पण पहाटेपासून सातपर्यंत, मग दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. बाजाराच्या वेळेवर गोरेगावहून फोर्टात किंवा वांद्र्याला पोचायचं तर या वेळा कामाच्या नाहीत. जवाहर नगरच्या सब-ब्रोकरपासून गोकुळधाममध्ये जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसलेल्या ट्रेडरपर्यंत सगळे आपापल्या घरच्या ब्रॉडबँडवर आहेत. तिथून पंधराएक किलोमीटरवर, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एक्स्चेंज प्लाझात, त्यांच्या सौद्यांची नोंद होते.

९.१५

बाजार उघडतो. सगळं सुरळीत आहे.

हे सुरळीत चालणं कशावर उभं आहे ते इथेच सांगायला हवं. बाजाराचं मुख्य डेटा सेंटर वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत. त्याची जवळची जोडजागा कुर्ल्याला. आणि दूरची आपत्कालीन जागा, ज्याला आमच्या धंद्यात डीआर म्हणतात, ती चेन्नईत. कुर्ला जवळ असण्याला कारण आहे. बीकेसीत एखादी नोंद झाली की ती त्याच क्षणी कुर्ल्यालाही लिहिली गेली पाहिजे, आणि ‘लिहिली’ अशी पोच परत आल्यावरच ती पक्की समजायची. मधे काहीही जळलं, बुडालं तरी एक ओळसुद्धा हरवू नये, हा त्यामागचा हेतू. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे किलोमीटरमागे पाच मायक्रोसेकंद. कुर्ल्याची पोच डोळ्याची पापणी लवण्याच्या कितीतरी आधी येते. चेन्नईला जाऊन यायचं तर दहा मिलिसेकंदांच्या वर जातात, आणि प्रत्येक नोंदीला इतकं थांबणं या बाजाराला परवडत नाही. म्हणून चेन्नईची प्रत थोडी मागे असते आणि कुर्ल्याची बरोबरीने.

बीकेसी आणि कुर्ला जोडणाऱ्या लिंक दोन वेगवेगळ्या टेलिकॉम कंपन्यांकडून घेतलेल्या आहेत. एक गेली तर दुसरी आहे. कागदावर ही व्यवस्था उत्तम आहे. पण कंपन्या दोन असल्या तरी शहर एकच असतं, आणि त्या दोन ठिकाणांच्या मधल्या वाटेवर खोदकाम आणि बांधकाम चालू आहे.

दहाच्या सुमारास

दोन्ही कंपन्यांच्या लिंक अस्थिर होतात. शेअर बाजाराने २२ मार्चला जे सविस्तर निवेदन काढलं त्यात कारण दिलं ते हेच: वाटेवरचं खोदकाम आणि बांधकाम.

‘अस्थिर’ या शब्दावर मी मुद्दाम थांबतो, कारण नेटवर्कवर देखरेख करणाऱ्याची खरी परीक्षा इथेच असते. फायबर साफ तुटली तर काम सोपं असतं. लिंक डाउन, अलर्ट लाल, वाहतूक दुसऱ्या मार्गाने. यंत्रणा तेवढ्यासाठीच बांधलेली असते आणि बहुतेक वेळा ती मान खाली घालून आपलं काम करते. पण लिंक फ्लॅप व्हायला लागली, म्हणजे आत्ता आहे, आत्ता नाही, पुन्हा आहे, की सगळा हिशेब बिघडतो. ज्याचा फोन बंद लागतो त्याच्या घरी आपण सरळ चालत जातो. ज्याच्या फोनची रिंग वाजत राहते त्याच्यासाठी मात्र आपण पुन्हा पुन्हा फोन लावत बसतो.

यंत्रंही तशीच फोन लावत बसतात, आणि किती वेळ बसायचं ते कुणीतरी एका आकड्यात लिहून ठेवलेलं असतं. तो आकडा म्हणजे टाइमआउट. उपकरणांची खबर घेणाऱ्या एसएनएमपीच्या नेहमीच्या साधनांत एक सेकंद थांबायचं आणि पाच वेळा पुन्हा विचारायचं असं मुळात ठरलेलं असतं. विंडोजचा पिंग चार सेकंद थांबतो. नागिओस या देखरेखीच्या सॉफ्टवेअरची प्लगइनं दहा सेकंद. लिनक्सवरची डिस्क तीस सेकंद उत्तर देत नसेल तर ती आज्ञा फसली असं धरतात. आणि चालू असलेली टीसीपी जोडणी? समोरचा गप्प झाला तर लिनक्स पंधरा वेळा पुन्हा पाठवून बघतो, दर खेपेला वाट बघण्याचा वेळ वाढवत नेतो, आणि मूळ सेटिंगवर पंधरा मिनिटांहून जास्त वेळ गेल्यावरच हात टेकतो. जोडणी नुसती रिकामी पडून असेल तर समोरचा जिवंत आहे का हे विचारायलाच तो दोन तास लावतो, आणि तेही ती सोय चालू केलेली असेल तरच.

हे आकडे वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या दशकांत, वेगवेगळ्या कामांसाठी ठरवले. एकाच खोलीत ते एकमेकांवर रचले जातात तेव्हा त्यांचं आपसात जमतं का, हे बघायचं काम आमचं. नियम सांगायला सोपा आहे: आतल्या थराचा टाइमआउट बाहेरच्यापेक्षा लहान हवा. साठवणुकीने दुसऱ्या प्रतीची पोच येण्यासाठी तीस सेकंद थांबायचं आणि सर्व्हरने साठवणुकीसाठी वीसच सेकंद थांबायचं असं झालं, तर साठवणूक ‘दुसरी प्रत सोडून एकटीने पुढे चला’ असा शहाणा निर्णय घेण्याआधीच सर्व्हरने तिला मृत घोषित केलेलं असतं. सेटिंगच्या फाइलीत हे दोन आकडे वेगवेगळ्या पानांवर, वेगवेगळ्या टीमच्या ताब्यात असतात. दोघांनी एका टेबलाशी बसून ते शेजारी-शेजारी लिहिले आहेत असं मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे.

१० वाजून काही मिनिटं

निफ्टी आणि बँक निफ्टीचे आकडे हलायचे थांबतात. सौदे होत आहेत, शेअर्सचे भाव बदलत आहेत, पण निर्देशांक गोठलेला आहे.

गोरेगावच्या टेबलावर पहिला संशय घरच्या वायफायवर जातो. राउटर बंद-चालू होतो. मग ब्रोकरच्या ॲपवर संशय, मग ब्रोकरला फोन. तिथे लाइन व्यस्त. आपल्याला दिसतो तो बिघाड आपल्याच घरचा असणार, असं धरून चालायची सवय आपल्या सगळ्यांना असते.

आत काय झालं होतं ते पुढे निवेदनातून कळलं. लिंक डळमळल्यावर साठवणुकीच्या यंत्रणेने, म्हणजे सॅनने, अपेक्षेबाहेरचं वर्तन केलं. कुर्ल्याची जोड गेली तर बीकेसीची सॅन एकटीने चालत राहायला हवी होती. उलट बीकेसीची मुख्य सॅनच सर्व्हरना दिसेनाशी झाली. तिच्यावर उभ्या असलेल्या यंत्रणा एकामागून एक बसल्या: सौद्यांचा हिशेब मिटवणाऱ्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनची जोखीम नियंत्रण यंत्रणा, क्लिअरिंग आणि सेटलमेंट, निर्देशांक, सौद्यांवरची पाळत. सौदे जुळवणारं मुख्य इंजिन मात्र धडधाकट होतं.

एकही ओळ हरवू नये म्हणून ठेवलेली दुसरी प्रत, आणि तिच्याशी बोलणं तुटलं म्हणून पहिलीच प्रत हाताबाहेर गेली. या घटनेतली मला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट ही आहे. सुरक्षेसाठी जोडलेला प्रत्येक दुवा हा अडकून पडण्याचीही एक जागा असतो, आणि ती जागा मोकळी कधी करायची हे टाइमआउट ठरवतो.

१०.३०

इंजिन चालतं आहे, पण जोखीम मोजणारा डोळा मिटलेला आहे. सौदे होत असताना ब्रोकरकडे मार्जिन पुरेसं आहे का, कुणाची मर्यादा ओलांडली का, हे सगळं ती यंत्रणा त्या क्षणी बघत असते. ती नसताना सौदे चालू ठेवणं म्हणजे मीटर बंद ठेवून उधारी देणं. एक्स्पायरीच्या आदल्या दिवशी तर ती उधारी किती होईल सांगता येत नाही.

अशा वेळी नियंत्रण कक्षात काय चालतं? कुठल्याही कक्षात थोड्याफार फरकाने हेच चालतं. ब्रिज कॉल उघडतो. टेलिकॉमवाले एका लाइनवर, साठवणुकीचा विक्रेता दुसऱ्या लाइनवर. टेलिकॉमवाला म्हणतो, “लिंक आली.” दोन मिनिटांनी पुन्हा गेलेली असते. विक्रेता लॉग मागतो. कुणीतरी म्हणतं, “दहा मिनिटं द्या, होईल.” आणि ते खोटं बोलत नसतात. अर्धवट जिवंत यंत्रणा प्रत्येक दहा मिनिटांनी पुढच्या दहा मिनिटांची आशा दाखवते.

देखरेखीचं सॉफ्टवेअर अशा वेळी मदत करतं असा समज आहे. नागिओसचं एक वैशिष्ट्य बघण्यासारखं आहे. एखाद्या सेवेच्या शेवटच्या एकवीस तपासण्यांत तिची स्थिती फार वेळा बदलली, तर ती ‘फ्लॅप होते आहे’ असं ठरवून तो तिच्याबद्दलच्या सूचना रोखून धरतो. हेतू चांगला: रात्रभर शंभर मेसेज येऊन माणूस बधिर होऊ नये. पण याचा अर्थ असाही होतो की लिंक सर्वांत धोकादायक अवस्थेत असते नेमकं तेव्हाच फोन गप्प होतो. मी हे सेटिंग बंद करा असं म्हणणार नाही. ते बंद केलं की लोक अलर्टचा आवाजच बंद करून टाकतात, ते जास्त वाईट. पण फ्लॅपिंगची सूचना वेगळी, एकदाच आणि मोठ्या माणसाला जायला हवी. ‘लिंक गेली’ ही बातमी इंजिनिअरला पुरते. ‘लिंक धरसोड करते आहे’ ही बातमी निर्णय घेणाऱ्याला लागते.

आणि तपासण्यांचा वेगही बघा. दर पाच मिनिटांनी विचारायचं, उत्तर नाही आलं तर मिनिटामिनिटाने आणखी दोनदा विचारायचं आणि मगच बोंब मारायची, अशी मांडणी अनेक कार्यालयांत आहे. याचा हिशेब केला तर बिघाड झाल्यापासून पहिली सूचना यायला सात मिनिटं जाऊ शकतात. इमारतीच्या कॅमेऱ्यांना ती चालतील. शेअर बाजाराच्या जोखीम यंत्रणेला ती चालणार नाहीत. पण टेम्पलेट एकच असतं आणि सगळ्या उपकरणांना तेच लावलेलं असतं.

११.४०

सौदे थांबवले जातात. सर्व विभाग बंद. जोखीम मोजता येत नसताना बाजार चालू ठेवायचा नाही, हा निर्णय अगदी बरोबर आहे आणि तो घ्यायला धैर्य लागतं. देशातला सर्वांत मोठा शेअर बाजार दिवसाढवळ्या बंद करणं कुणाच्याही हाताला सोपं नाही.

पण निर्देशांक गोठला दहा वाजून काही मिनिटांनी, आणि बाजार थांबला अकरा चाळीसला. मधला दीड तास ज्या प्रश्नात गेला त्याचं उत्तर त्या सकाळी कुणी नव्याने शोधायला नको होतं: किती वेळ वाट बघायची? नियमात तेव्हा दूरच्या जागेवरून काम पूर्ववत करण्यासाठी तासांत मोजावी अशी मुदत होती. ‘ही आपत्ती आहे’ असं कधी म्हणायचं, याला घड्याळ लावलेलं नव्हतं.

दुपारी १२ ते ३

राष्ट्रीय शेअर बाजार जाहीर करतो की टेलिकॉमच्या दोन्ही पुरवठादारांकडून लिंकमध्ये अडचण असल्याचं कळलं आहे आणि दुरुस्ती चालू आहे. कधी उघडेल ते कळत नाही.

मुंबई शेअर बाजार, म्हणजे बीएसई, चालू आहे. तिथे सौदे होत आहेत. २०१९ पासून क्लिअरिंग कॉर्पोरेशन एकमेकांशी जोडल्या गेल्या असल्यामुळे एका बाजारात घेतलेला शेअर दुसऱ्यात विकून हिशेब मिटवता येतो. वायद्यांचा बहुतेक सगळा धंदा मात्र राष्ट्रीय बाजारात, त्यामुळे ऑप्शन विकून बसलेल्या माणसाला कुठेही दार नाही.

चेन्नई का नाही, हा प्रश्न इथे पहिल्यांदा मोठ्याने विचारला जातो. शेअर बाजारांचं नियमन करणाऱ्या सेबीने त्याच दिवशी बाजाराकडे खुलासा मागितला की सौदे आपत्कालीन जागेवर का हलवले नाहीत. बाहेरून हे सोपं वाटतं. आतून बघणाऱ्याला माहीत असतं की डीआरवर जाणं हे परत यायला अवघड असलेलं पाऊल आहे. दूरची प्रत थोडी मागे असते, ब्रोकरांना आपल्या जोडण्या वळवाव्या लागतात, आणि सौद्यांचं इंजिन इथेच व्यवस्थित चालत असताना ते तिकडे न्यायचं हे मनाला पटत नाही. म्हणूनच हा निर्णय त्या वेळच्या मनावर सोडू नये. शांत दिवशी, सगळे ठिकाणावर असताना, आकडा लिहून ठेवावा.

३.००

आता खरा पेच. दिवसाच्या दिवसात मिटवायच्या पोझिशन्स ब्रोकर साडेतीनच्या आधी आपोआप मिटवतात. राष्ट्रीय बाजार बंद, साडेतीनपर्यंत उघडेल याचा भरवसा नाही. उद्यावर गेलं तर जोखीम ब्रोकरच्या गळ्यात. अनेक ब्रोकर आपल्या ग्राहकांच्या पोझिशन्स बीएसईवर मिटवायला लागतात. सगळे एकाच वेळी, एकाच दारातून.

गोरेगावच्या त्या टेबलावर काय दिसतं? ‘स्क्वेअर ऑफ’ अशी एक ओळ, जिचं बटण आपण दाबलेलं नाही. भाव जो मिळाला तो. मंदी धरून बसलेल्यांसाठी बाजार वर गेलेला आहे.

३.३० च्या आसपास

आणि तेव्हा जाहीर होतं की बाजार ३.४५ ला उघडेल आणि पाचपर्यंत चालेल.

ज्यांच्या पोझिशन्स नुकत्याच मिटवल्या गेल्या त्यांचा संताप कुणालाही समजेल. त्यांचं नुकसान लिंकने केलं तेवढंच उशिरा आलेल्या एका वाक्याने केलं. हेच वाक्य दोन वाजता आलं असतं, ‘पाचपर्यंत वेळ वाढवू’ एवढंच जरी कळलं असतं, तरी ब्रोकरांनी हात आवरला असता. देखरेखीच्या कामात आम्ही यंत्रांचे टाइमआउट मोजतो. माणसांचेही टाइमआउट असतात, तेही कुठेतरी लिहिलेले असतात, आणि त्या दिवशी ब्रोकरांचा टाइमआउट बाजाराच्या टाइमआउटपेक्षा लहान होता. आतला आणि बाहेरचा थर इथेही जुळलेला नव्हता.

३.४५ ते ५.००

बाजार उघडतो. बीएसईही पाचपर्यंत चालतं. सेन्सेक्स १,०३० अंकांनी चढून ५०,७८१ वर, निफ्टी २७४ अंकांनी चढून १४,९८२ वर बंद होतो. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तेजीची बातमी आणि बंद पडण्याची बातमी शेजारी-शेजारी येतात.

त्यानंतर

जवळजवळ चार आठवड्यांनी, २२ मार्च २०२१ ला, सेबीने शेअर बाजार, क्लिअरिंग कॉर्पोरेशन आणि डिपॉझिटरी यांच्यासाठी नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांत ती आपत्ती म्हणून जाहीर करायची. जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत काम पूर्ववत. डेटा मागे राहिलाच तर १५ मिनिटांपेक्षा जास्त नाही. पुढे या प्रकरणात राष्ट्रीय शेअर बाजार आणि त्याच्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनने सेबीबरोबर तडजोड करून ७२ कोटी रुपयांहून अधिक रक्कम भरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सेबीने आणखी एक पाऊल टाकलं: राष्ट्रीय बाजार पडला तर बीएसई आणि बीएसई पडला तर राष्ट्रीय बाजार, अशी एकमेकांची पर्यायी जागा. बिघाडापासून ७५ मिनिटांच्या आत समोरच्या बाजाराला कळवायचं, आणि कळल्यावर त्याने १५ मिनिटांत तयारी सुरू करायची. एप्रिल २०२५ पासून हे लागू झालं. तीस आणि पंचेचाळीस मिळून पंच्याहत्तर होतात. म्हणजे हे थर आता एकमेकांशी जुळवून लिहिले गेले आहेत.

एक गोष्ट मात्र प्रत्येक संस्थेला आपल्यापुरती ठरवावी लागते, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड तीच आहे. तीस मिनिटं बिघाडापासून मोजायची, पण लिंक धरसोड करत असताना बिघाड सुरू कधी झाला? पहिलं पॅकेट हरवलं तेव्हा, सॅन दिसेनाशी झाली तेव्हा, की निर्देशांक गोठला तेव्हा? लिंक मधेच तीन मिनिटं नीट चालली तर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते का? देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये हे उत्तर अमूर्त राहत नाही. किती तपासण्या फसल्या की ‘डाउन’, किती सलग यशस्वी झाल्या की ‘अप’, हे दोन आकडे तिथे टाकावेच लागतात. माझं म्हणणं एवढंच आहे की ‘डाउन’ला तीन तपासण्या पुरत असतील तर ‘अप’ला दहा तरी हव्यात, आणि ‘अप’ झाल्यावर घड्याळ थांबवायचा अधिकार यंत्राला नको, नाव लिहिलेल्या एका माणसाला हवा. गोरेगाव पूर्वेच्या आयटी पार्कात रात्रपाळीला बसणाऱ्या तिशीतल्या इंजिनिअरने बहुतेक वेळा हे आकडे कुणाला न विचारता टाकलेले असतात. त्याच्या वरिष्ठाने या आठवड्यात ती फाइल उघडून त्याच्या शेजारी बसायला हवं.